कॅसलरॉकचे बोगदे

बेळगावच्या माणसाला गोव्याचे नवल नसते. कुणाचे कुलदैवत तिकडे, कुणाची बहीण तिकडे दिलेली, आणि ज्याचे काहीच नाही त्याला निदान मासळी तरी आहेच. पण आता आपण जातो ते बसने किंवा मोटारीने, चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटातून. लोंढ्यावरून आगगाडीने घाट उतरणारे थोडे. वडील मंडळी मात्र अजून त्या गाडीचे बोलतात, आणि बोलायला लागली की त्यांच्या गोष्टीत तीन गोष्टी हमखास येतात: दूधसागर, माकडे आणि बोगदे. बोगद्यांची संख्या प्रत्येकाची वेगळी. लहानपणी मोजलेले बोगदे माणूस सहसा कमी होऊ देत नाही.

माझी एक मैत्रीण आपल्याच महाविद्यालयात, याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिते. तिचे आजोळ कॅसलरॉकला. मी बोगद्यांविषयी काही लिहावे म्हणते असे म्हटल्यावर ती म्हणाली, "आधी हुबळीला चल. नुसते भोक बघून काय लिहिणार तू?" तिचे म्हणणे रास्त होते. म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही आधी हुबळी गाठली.

हुबळीचे रेल्वे संग्रहालय ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाले. रेल्वेच्या दोन जुन्या बंगल्यांतून ते मांडलेले आहे आणि त्या बंगल्यांना मलप्रभा व घटप्रभा अशी नावे दिली आहेत. आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा इथे हुबळीत घर करून राहिलेली पाहून मला उगीचच बरे वाटले. बाहेर जुनी इंजिने आणि डबे आहेत. मुले त्यांच्यावर चढायला बघतात आणि आयांचा जीव खालीवर होतो. आत कंदील, घड्याळे, पुठ्ठ्याची तिकिटे. ही तिकिटे आमच्या घरीही आजोबांच्या पेटीत आहेत. पण तिथे ती अडगळ असते, इथे काचेमागे गेली की माणूस वाकून पाहतो.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो टोकनयंत्रापाशी. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून पूर्वीच्या लोकांनी काढलेली ही युक्ती मला पाठ्यपुस्तकातल्या कितीतरी शोधांपेक्षा अधिक शहाणपणाची वाटली. शेजारशेजारच्या दोन स्टेशनांत एकेक यंत्र, तारेने जोडलेले. यंत्रात लोखंडी गोळे. इकडच्या मास्तरला गोळा बाहेर काढायचा तर तिकडच्या मास्तरने होकार द्यायला हवा. आणि एक गोळा बाहेर आला की तो परत कुठल्या तरी एका यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघतच नाही. ड्रायव्हरच्या हातात तो गोळा असल्याशिवाय गाडी हलायची नाही. म्हणजे सारा रस्ता एका वेळी एकाच माणसाच्या मुठीत. तिथल्या गृहस्थांनी हे सारे कन्नडमधून समजावले. मला कन्नड समजते, पण यंत्राचे कन्नड निराळे; मैत्रीण मध्ये मध्ये पूल बांधत होती.

एका जुन्या पाटीवरून मात्र आमचे भांडण जुंपले. 'सदर्न मराठा रेल्वे' हे नाव वाचून मी जरा छाती पुढे काढली असावी. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात या मुलखात धान्य पोहोचवायला रस्ते नव्हते, माणसे मेली, आणि मग १८८२ मध्ये ही कंपनी निघाली. इंग्रज या साऱ्या भागाला दक्षिण मराठा मुलूख म्हणत, त्यावरून ते नाव. मैत्रीण शांतपणे म्हणाली, "नाव तुमचं, खरं हेडऑफिस आमच्या धारवाडात!" आणि ते खरेच आहे. आज ज्या इमारतीत धारवाडचे कर्नाटक कॉलेज भरते, ती मूळची या रेल्वे कंपनीची कचेरी. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेत मिळाली आणि कचेरीची गरज सरली. १९१७ मध्ये कॉलेज निघाले. आगगाडीच्या हिशेबवह्या गेल्या आणि आपल्यासारखी पोरे आली. त्यातले कुठले ओझे जड, हे तिथल्या प्राध्यापकांनीच सांगावे.

संग्रहालयात इंजिन आणता येते, डबा आणता येतो, सिग्नलचा अख्खा खांब उपटून आणता येतो. बोगदा आणता येत नाही. तो आहे तिथेच जाऊन पाहावा लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही कॅसलरॉकला उतरलो.

या लाइनीचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण पुढचे सारे त्यावर आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. मुरगावचे बंदर बांधायचे आणि तिथून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे न्यायची असे ठरले. दोन्ही मुलखांमधली जकात उठली. पण गोव्यातल्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला आणि त्याच्या भरपाईदाखल पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. रेल्वेची कंपनी लंडनची, तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगिजांची. पैसा इंग्रजांनी घालायचा, व्याज गोव्याने द्यायचे आणि मिठागरे मात्र ओस पडायची. या व्यवहारात शहाणे कोण ठरले ते सांगायला अर्थशास्त्राचा विद्यार्थी लागत नाही. तह १८९२ मध्ये संपला. रेल्वे मात्र राहिली. घाटातले काम पुरे होऊन मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंत लाइन १८८८ मध्ये जोडली गेली होती. मुरगाव ते इथवर सुमारे ८२ किलोमीटर. त्यातले कॅसलरॉक ते कुळे हे २६ किलोमीटर म्हणजे घाट. पोर्तुगालच्या राजघराण्याच्या नावावरून त्याला ब्रागांझा घाट म्हणतात. डोंगर आपला, घाम आपल्या लोकांचा, नाव लिस्बनच्या राजाचे.

ज्यांनी बोगदे खणले त्यांची नावे मी कुठे वाचली नाहीत. त्या काळी बोगदा खणणे म्हणजे काय, एवढे मात्र वाचले आहे. डोंगराच्या दोन्ही अंगांनी एकाच वेळी सुरुवात करायची. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, पहार जराशी फिरवायची, पुन्हा घण. हातभर खोल भोक झाले की त्यात दारू ठासून सुरुंग उडवायचा. धूर विरला की राडारोडा टोपल्यांनी बाहेर काढायचा आणि पुन्हा पहार. शिवाय हे काम पश्चिम घाटाच्या पावसात आणि हिवतापाच्या रानात. दोन अंगांनी निघालेली माणसे डोंगराच्या पोटात एकमेकांना भेटत तेव्हा मापे बरोबर निघाली म्हणून इंजिनिअर आनंदत असतील. पलीकडच्या मजुराचा आवाज पहिल्यांदा खडकातून ऐकू आला तेव्हा अलीकडच्या मजुराला काय वाटले असेल, हे कळायला मार्ग नाही.

मैत्रिणीचे आजोळ स्टेशनच्या जवळच. घरात तिचे मामा आणि अज्जी. मामा रेल्वेत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. उभा जन्म घाटात गाडी चढवण्या-उतरवण्यात गेला. स्टेशनात शिट्टी झाली की बोलता बोलता थांबतात आणि कुठली गाडी, मागे किती इंजिने, हे आवाजावरून सांगतात.

"घाट चढायला ताकद लागते आणि उतरायला अक्कल," मामा म्हणाले. चढ सदतीस फुटांमागे एक फूट. ऐकायला किरकोळ वाटतो. आपल्या चव्हाट गल्लीतही याहून जास्त असेल. पण गुळगुळीत लोखंडावर गुळगुळीत लोखंडी चाके आणि पाठीवर हजारो टनांचे ओझे असले की हा चढ भिंतीसारखा होतो. म्हणून कुळ्याहून वर येणाऱ्या मालगाडीला पुढे इंजिने असतातच, शिवाय मागून ढकलायला जादा इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात. उतरताना काळजी उलटी. कॅसलरॉकला गाडीचे ब्रेक तपासल्याशिवाय ती खाली सोडत नाहीत. घाटातल्या स्टेशनांपाशी बाजूला चढावर जाणाऱ्या सायडिंगा काढून ठेवल्या आहेत; एखादी गाडी हाताबाहेर गेलीच तर ती त्या चढावर जाऊन आपोआप दमावी, एवढ्यासाठी.

"रुळावरून चालत जाऊन एखादा बोगदा बघता येईल का?" मी विचारले. मामांनी माझ्याकडे असे पाहिले की प्रश्न गिळून टाकावा. "रूळ म्हणजे काय बाग हाय का फिरायला? गाडी आली तर बोगद्यात कुठं जाशील?" रुळांवरून चालायला मनाईच आहे. जुलै २०२३ मध्ये दूधसागर बघायला रुळांवरून निघालेल्या हौशी मंडळींना उठाबशा काढायला लावल्याचे चित्र साऱ्या देशाने पाहिले. बोगदे गाडीतूनच बघायचे ठरले.

संध्याकाळी अज्जी बोलायला बसली. अज्जी सत्त्याऐंशी वर्षांची. घरात सारे कन्नड बोलतात, पण अज्जी माझ्याशी मराठीत बोलली आणि ते मराठी पुस्तकातल्यासारखे स्वच्छ होते. मी चकित झालेली पाहून हसली. "माझं माहेर कुळ्याचं. शाळेत मराठीच शिकले मी. पोथी अजून मराठीच वाचते. कानडी इथं येऊन शिकले, सासूबाईंच्या बोलण्याला उत्तर द्यायला." कोंकणी घरची, मराठी शाळेची, कानडी सासरची; आमच्या सीमाभागातल्या साऱ्या चर्चा अज्जीने एकटीने घरातल्या घरात मिटवल्या होत्या.

१९५४ मध्ये तिचे लग्न झाले. वऱ्हाड गाडीनेच घाट चढून आले. तेव्हा कॅसलरॉक म्हणजे सरहद्दीचे स्टेशन. जरा खाली गेले की पोर्तुगिजांचे राज्य. इकडे आपल्या लोकांची झडती, तिकडे त्यांची. बायका एकावर एक तीन लुगडी नेसून यायच्या, कारण तिकडचे कापड स्वस्त. "मी नवरी, म्हणून मला कुणी तपासलं नाही," अज्जी म्हणाली. "खरं तीन नव्हती, दोनच होती."

पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्याच्या मुक्तीसाठी देशभरातून आलेले सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी सरहद्द ओलांडून आत शिरले. एक वाट कॅसलरॉकचीही होती. पोर्तुगिजांनी नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या आणि त्या दिवशी सरहद्दीवर ठिकठिकाणी मिळून वीसहून अधिक माणसे मेली. त्यानंतर भारताने गोव्याशी असलेले व्यवहार तोडले आणि घाटातली गाडी बंद झाली.

आपण इतिहासात 'आर्थिक नाकेबंदी' असे दोन शब्द वाचतो आणि पान उलटतो. अज्जीसाठी त्याचा अर्थ असा, की सव्वीस किलोमीटरवरचे माहेर सहा वर्षे दिसले नाही. पहिल्या बाळंतपणाला जायचे ठरले होते, ते झाले नाही. स्टेशन ओस पडले, हमाल गाव सोडून गेले, रुळांमध्ये गवत वाढले. नवरा फायरमन, त्याला दुसऱ्या लाइनीवर पाठवले. "गाडी नाही तर आवाज नाही," अज्जी म्हणाली. "आधी रात्री इंजिनच्या आवाजानं झोप यायची नाही, मग आवाज नाही म्हणून यायची नाही." १९५९ मध्ये तिची आई वारली. रानवाटेने आलेल्या कुणा माणसाने ती बातमी सांगितली तेव्हा तीन आठवडे उलटले होते. दिवसही होऊन गेले होते.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्यानंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या. अज्जी दोन मुलांना घेऊन खाली गेली. बोगद्यात मुले रडायला लागली, कारण असा अंधार त्यांनी पाहिला नव्हता. "आणि तुम्ही?" मी विचारले. अज्जीने उत्तर दिले नाही. ती आत जाऊन एक पिशवी घेऊन आली आणि नातीला म्हणाली, "कुळ्याला उतरणार आहात ना? हे माझ्या भाच्याकडं द्या." पिशवीत धारवाडचे पेढे आणि नातीने बेळगावहून आणलेला कुंदा होता. कुंदा आमच्यासाठी राहिला नाही याचे मैत्रिणीला जरा वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाट उतरलो. गाडी सुटताना मामा फलाटावर उभे होते, पण त्यांचे लक्ष आमच्याकडे नव्हते; ते चाकांकडे बघत होते.

पहिला बोगदा येतो तो पुरती तयारी होण्याआधीच. डब्यातली पोरे ओरडली, तशी ती शंभर-सव्वाशे वर्षे ओरडत आली असतील. वारा एकदम गार झाला आणि ओल्या दगडाचा वास आला. डब्यातल्या दिव्याचा उजेड खिडकीतून भिंतीवर पडतो आणि हातभर अंतरावरून खडक सरकत जातो: कुठे बांधून काढलेला, कुठे नुसता फोडलेला, त्यावरून पाणी झिरपते आहे. गाडी इतकी सावकाश जाते की खडकाचे पैलू नीट दिसतात. मी पहारीच्या खुणा शोधत होते. काही रेघा दिसल्या. त्या माणसाच्या की पाण्याच्या, ते सांगता येणार नाही.

असे डझनावर बोगदे. मध्ये उजेडाचा एकेक तुकडा, त्यात खोल दरी, खाली रानाचे हिरवे छत, मग पुन्हा अंधार. अशाच एका बोगद्यात मी तो माणूस पाहिला. बोगद्याच्या भिंतीत ठराविक अंतरावर कोनाडे ठेवलेले असतात; आत काम करणाऱ्याने गाडी आली की त्यात शिरायचे. तशा एका कोनाड्यात पाठ टेकून एक गँगमन उभा होता. अंगावर नारिंगी जाकीट, हातात बॅटरी, तोंड दुसरीकडे वळवलेले. क्षणभर आमच्या खिडकीचा उजेड त्याच्यावर पडला आणि तो मागे गेला. त्याच्यात आणि आमच्यात दोन हातांचेही अंतर नव्हते. मी इतक्या वेळ १८८८ च्या मजुरांचा विचार करत होते आणि आजचा मजूर भिंतीला टेकून आम्ही कधी जातो याची वाट बघत उभा होता.

मामांनी सांगितले होते की पावसाळ्यात या लाइनीवर रात्रभर गस्त असते. कंदील किंवा बॅटरी, झेंडी आणि रुळावर ठेवायचे फटाके घेऊन माणसे चालत जातात. दरड दिसली की फटाका रुळावर लावायचा. त्याच्यावरून चाक गेले की बार होतो आणि ड्रायव्हर थांबतो. तरीही डोंगर कधी कधी ऐकत नाही. २३ जुलै २०२१ रोजी दूधसागर आणि सोनावळी यांच्यामध्ये दरड येऊन मंगळूर-मुंबई गाडीचा डबा रुळांवरून उतरला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

दूधसागराविषयी मी लिहिणार नाही. त्यावर दर वर्षी या मासिकात कविता येते, यंदाही आली असेलच.

दूधसागर मागे पडल्यावर आमची चर्चा दुहेरी मार्गावर आली. हा घाट अजून एकेरी आहे. शेजारी दुसरा मार्ग घालायचा, म्हणजे नवे बोगदे खणायचे आणि मोलेच्या अभयारण्यातली झाडे तोडायची, अशी योजना होती. गोव्यात तिच्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. मुरगावहून जाणारा कोळसा वाढवण्यासाठी हे चालले आहे असे लोकांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. आम्हा दोघींना तेव्हा आनंद झाला होता आणि तो आनंद मला आजही चुकीचा वाटत नाही. या रानात शेकरू आहे, वाघ आहे, आणि एकदा फोडलेला डोंगर पुन्हा शिवता येत नाही. पण आदल्या रात्री मामा म्हणाले होते, "एका गाडीला वाट द्यायला आम्ही दोन-दोन तास रानात उभे राहिलो, पावसात, जेवणाचा डबा संपलेला. ते कोण मोजणार?" त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते, गाडीतही सुचले नाही. मैत्रीण म्हणाली, मामांची बाजू ती कन्नड विभागात लिहील. म्हणजे या अंकात आमचे दोन्ही विभाग वेगवेगळे बोलतील. संपादकांनी सांभाळून घ्यावे.

कुळे आले तेव्हा ऊन चढले होते. वरून गार वाऱ्यातून आलेल्यांना खालचा दमटपणा अंगाला चिकटतो. अज्जीच्या भाच्याचे घर स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर. भाचा स्वतः सत्तरीचा. त्याच्या सुनेने पिशवी घेतली, पेढे देवापुढे ठेवले आणि पहिला प्रश्न केला, "आत्या कधी येणार?" गुडघ्यांमुळे अज्जीला गाडीची पायरी चढवत नाही, पाच वर्षे झाली, असे मैत्रिणीने सांगितले. भाचा काही वेळ गप्प बसला. मग उठून त्याने अज्जीची तीच पिशवी रिकामी केली, तीत सोलां भरली, वर दोन नारळ ठेवले आणि तोंड सुतळीने घट्ट बांधले.

परतीच्या गाडीला अवकाश होता. फलाटाच्या टोकाला एक लांबलचक मालगाडी उभी होती आणि तिच्या मागे बँकर इंजिने लागत होती. जोडणी होताना बसलेला धक्का डब्याडब्यातून पुढे सरकत गेला. त्याचा आवाज आमच्यासमोरून गेला आणि पार पुढच्या इंजिनापर्यंत पोहोचलेला ऐकू आला. मैत्रिणीने फोनवर अज्जीला विचारले, सोलां इतकी कशाला? पलीकडून अज्जी म्हणाली की त्यातली अर्धी बेळगावच्या पोरीला दे, आणि तिला विचार, बोगदे मोजलेस का.